भारी कोण, हा प्रश्नच चुकीचा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत फीबी ब्रिजर्स आणि कॉनर ओबर्स्ट या अमेरिकी गायक-गीतकारांच्या ‘बेटर ऑब्लिव्हियन कम्युनिटी सेंटर’ या अल्बमवर लेख आला होता. जिल्ह्याच्या वृत्तपत्रात इंडी-फोकला, म्हणजे लोकसंगीताच्या वळणाच्या स्वतंत्र गाण्यांना, जागा मिळाली याचा मनापासून आनंद झाला. परंतु या दोघांत भारी कोण ठरले, हा एकच प्रश्न लेखकाने शेवटपर्यंत धरून ठेवला, त्याचे वाईट वाटले.

हा दहा गाण्यांचा अल्बम २४ जानेवारी २०१९ रोजी, फारसा गाजावाजा न होता आला. ‘ब्राइट आइज’ या आपल्या बँडमुळे ओबर्स्ट तोवर बरीच वर्षे नावाजलेले होते, तर त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान असलेल्या ब्रिजर्स यांचा २०१७ सालचा एकच एकल अल्बम होता. त्यामुळे ऐकण्याआधीच गुरू-शिष्येचे चित्र डोळ्यांसमोर उभे राहणे स्वाभाविक होते. तरीही तिकडच्या समीक्षकांनी अल्बमचे बहुतांशी स्वागत केले, आणि हे दोघे आळीपाळीने गाण्याऐवजी कित्येक ओळी बरोबरच गातात, याची दखल अनेकांनी घेतली. आपल्या लेखात नेमके तेच राहून गेले.

खान्देशातल्या माणसाला ही गोष्ट समजायला अवघड नाही. माझ्या लहानपणी आजी आणि मोठी काकू पहाटे घरोटावर, म्हणजे जात्यावर, समोरासमोर बसत, दोघींचे हात एकाच खुंट्यावर असत. आजी ओवी धरी, काकू अर्ध्यातून सूर मिसळी. आजीचा आवाज चिरका, काकूचा सरळ आणि खालचा. जात्यात दाण्यांची वैरण घालायला आजी वाकली की तिचा आवाज तुटे. तेवढ्यापुरती ओळ काकू एकटीने सांभाळी आणि आजी परत आली की स्वतः जराशी मागे सरे. अंथरुणात पडून ऐकणाऱ्या आम्हा मुलांना दोघींत चांगली गाणारी कोण, हा प्रश्न कधी पडलाच नाही.

या अल्बममधील तिसरे गाणे, ‘डिलन थॉमस’, मी पहिल्यांदा मोबाइलच्या स्पीकरवर ऐकले आणि मला ते सपाट वाटले. महाविद्यालयात शिकणाऱ्या माझ्या पुतणीने हेडफोन दिले, तेव्हा ओबर्स्ट यांचा कापरा आवाज आणि त्याला अगदी लगटून चालणारा ब्रिजर्स यांचा शांत आवाज वेगवेगळे कळू लागले. पुतणी आणि तिच्या मैत्रिणी ब्रिजर्स यांच्यामुळे या अल्बमकडे आल्या आणि तेथून ओबर्स्ट यांच्या जुन्या गाण्यांपर्यंत मागे गेल्या. मी नेमका उलट दिशेने आलो. श्रोते असे दोन्हीकडून येऊन भेटतात, ही नोंदही लेखात असायला हवी होती.

अल्बम निर्दोष आहे असे माझे म्हणणे नाही. ‘एक्सेप्शन टू द रूल’ या गाण्यातील सिंथेसायझर मला आजही उपरे वाटते आणि त्यावर टीका झाली असती तर ती मी मान्य केली असती. पण ती टीका गाणे ऐकून आलेली असावी. ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ साली पुस्तकरूपाने आली त्यामागे बहिणाबाईंचे चिरंजीव सोपानदेव यांनी जपलेली वही होती, तसेच मुळात सासवडच्या असलेल्या आचार्य अत्र्यांनी आमच्या बोलीतल्या त्या ओळी मन लावून वाचल्या, हेही होते. समीक्षकाकडून आमची अपेक्षा तेव्हापासून तशी आहे.

म्हणून विनंती अशी की, याच लेखकाला या अल्बमवर पुन्हा एकदा लिहायला सांगावे, आणि तत्पूर्वी निदान ते तिसरे गाणे त्यांनी हेडफोन लावून, दोन्ही आवाजांचा माग ठेवत ऐकावे.

आपला,
एक नियमित वाचक,
अमळनेर, जि. जळगाव