देवाजवळ अक्कल मागायची की गहाण टाकायची?

संपादक साहेब, सलाम.

गेल्या आठवड्यात तुमच्या ह्याच सदरात एका वाचकांनी लिहिलं होतं की माणूस देवाधर्माला लागला की अक्कल गहाण टाकतो. वाचून आधी राग आला, मग खरं सांगायचं तर जरा लाजही वाटली, कारण आमच्याच घरात हे झालंय.

आम्ही ख्रिस्ती. मिस्टरांना बारा वर्षं शुगर आहे. दोन वर्षांपूर्वी घरच्या प्रार्थनेला बाहेरगावचे एक उपदेशक आले, सगळ्यांसमोर विचारलं की विश्वास प्रभूवर आहे का गोळीवर, आणि आमचे हे भोळे, दुसऱ्या दिवसापासून गोळ्या बंद! मी बोलायला गेले तर मलाच बायबलमधल्या याकोबाच्या पत्रातलं वचन ऐकवलं, पहिला अध्याय सहावी ओवी, संशय धरणारा समुद्राच्या लाटेसारखा असतो म्हणून. अकराव्या दिवशी पाय धुताना बघितलं तर चप्पल लागून अंगठ्याला झालेली जखम काळी पडत चाललेली, ह्यांना पत्ताच नाही कारण दुखतच नव्हतं. मग मी कुणाला न विचारता रिक्षा बोलावली. शुगर 430 निघाली. अंगठा वाचला, थोडक्यात.

आता गंमत बघा, सहाव्या ओवीच्या आधी पाचवी असते ती त्या दिवशी कुणी वाचलीच नाही. ज्याला ज्ञान कमी पडतंय त्याने देवाजवळ मागावं, तो दोष न लावता देतो, असं तिथे आहे. आपल्या मराठीत ‘ज्ञान’ आलंय म्हणून आम्ही ते वचन मुलांना बारावीच्या पेपरला पाठ करून पाठवतो, पण मूळ ग्रीक शब्द सोफिया, म्हणजे शहाणपण. माझी आई सरळ अक्कल म्हणायची, तांदूळ निवडता निवडता पुटपुटायची, प्रभू अक्कल दे रे बाबा. आणि संशय न धरता मागायचं म्हणजे देव देईल ह्याबद्दल संशय नको, समोर माईक घेऊन उभ्या माणसाबद्दल नाही काही! उलट त्याच पत्रात तिसऱ्या अध्यायात वरून येणारं शहाणपण कसं ओळखायचं तेही दिलंय, सौम्य, दयेने भरलेलं, समजावलं तर ऐकणारं. त्या संध्याकाळी आमच्या हॉलमध्ये ह्यातलं काय होतं सांगा.

बायबलमधल्या शलमोन राजाचंही तेच. गिबोनात देव स्वप्नात म्हणाला काय पाहिजे ते माग, तर ह्याने पैसा नाही, आयुष्य नाही, लोकांचा न्याय करायला ऐकणारं मन मागितलं, हिब्रूत शब्दशः तसंच आहे. मग एका बाळावरून भांडणाऱ्या दोन बायका आल्या तेव्हा काय आकाशवाणी झाली नाही, दोघींचं ऐकून घेतलं, बाळ कापून दोघींत वाटायला म्हणून तलवार मागवली आणि कुणाचं काळीज तुटतं ते बघितलं.

त्या वाचकांना एवढंच सांगते की पंडिता रमाबाई हिब्रू ग्रीक शिकल्या आणि केडगावला राहून अख्खं बायबल मराठीत आणलं, त्यांनी अक्कल कुठे गहाण टाकली होती? आणि मी माहेरची मिरजेची. तिथे 1894 साली दवाखाना उभा करणारे डॉ. वानलेस मिशनरीच होते, प्रार्थनाही करायचे आणि ऑपरेशनही. बायबलमधल्या प्रेषित पौलासोबतचा लूक तर वैद्यच. अशा गावात वाढून मी अकरा दिवस गप्प बसले, ते मात्र मला अजून खातं.

आता ते उपदेशक पुढच्या महिन्यात परत येणार म्हणे. मिस्टर म्हणाले तू काही बोलू नकोस. मी वहीत तीन प्रश्न लिहून ठेवलेत, पहिला पाचव्या ओवीवरच आहे.

– एक वाचक, अहिल्यानगर