आजीचे माहेरचे नाव

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाळाचे नाव ‘यमुना’ ठेवायचे ठरल्याचे सांगितले, तेव्हा बाबा क्षणभर गप्प झाले आणि मग एवढेच म्हणाले की, ज्या नावाच्या आरंभीच यम बसला आहे ते तान्ह्या मुलीला कशाला. त्या वेळी मला नीट उत्तर सुचले नाही, म्हणून हे पत्र.

बाबा, संस्कृतात ‘यम’ या शब्दाचा एक जुना अर्थ ‘जुळे’ असा आहे. कवितेतले यमक त्याच घरातले. सूर्य आणि संज्ञा यांच्या जुळ्यांपैकी मुलगा तो यम आणि मुलगी ती यमी, म्हणजेच यमुना, अशी कथा आहे. गंगेच्या जोडीने वाहते म्हणून नदीला हे नाव मिळाले, असेही सांगितले जाते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील नदीसूक्तात ती गंगेच्या लगेच पाठोपाठ येते, इतके हे नाव जुने आहे. शिवाय ज्या यमाची आपल्याला धास्ती वाटते, तो वर्षातून एकदा याच बहिणीकडे जेवायला जातो आणि निमूटपणे ओवाळून घेतो. आपली भाऊबीज म्हणजे तीच यमद्वितीया.

एकोणिसाव्या शतकात गंगा, गोदावरी, भागीरथी यांच्या बरोबरीने यमुना हे नाव आपल्याकडे सर्रास ठेवत. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ लिहिले, तेव्हा नायिकेसाठी त्यांनी हेच नाव निवडले. पण पाळण्यात मिळालेले हे नाव लग्नात हरवत असे. १८६२ साली जन्मलेली कुर्लेकरांची यमुना अकराव्या वर्षी रमाबाई रानडे झाली. १८६५ साली जन्मलेली दुसरी एक यमुना नवव्या वर्षी आनंदीबाई जोशी झाली, आणि १८८६ मध्ये अमेरिकेत तिला डॉक्टरकीची पदवी मिळाली ती आनंदी म्हणूनच. दोघींचे कर्तृत्व आपल्याला तोंडपाठ, मूळ नाव मात्र सांगावे लागते. लावणी गाणाऱ्या यमुनाबाई वाईकरांनी हे नाव मिरवले आणि २०१२ मध्ये त्याच नावाने पद्मश्री घेतली, याचा म्हणूनच मला विशेष आनंद वाटतो.

आई, तुझी शंका वेगळी आहे, हे मला ठाऊक आहे: मुले ‘यमी’ म्हणून चिडवतील. चिडवोत बापडी, माझ्या साध्यासुध्या नावालाही त्यांनी कुठे सोडले होते?

खरे कारण मात्र आजी आहे. ताटात पसरलेल्या तांदळांवर अंगठीने ‘लक्ष्मी’ असे लिहिले गेले आणि त्या दिवसापासून तिला त्याच नावाने हाक मारू लागले, हे ती हसत सांगायची. पण माहेरहून आलेल्या पितळी डब्याच्या काठावर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेले ‘चि. यमुना हिस’ हे शब्द ती डबा घासताना बोटाने चाचपत असे, हे मी लहानपणी कितीदा तरी पाहिले आहे. बाबा, तुमचे मामा भाऊबीजेला दारातूनच ‘यमे, आलो गं!’ अशी हाक देत, तेव्हा ती हातातले काम टाकून धावत जायची. त्या घरात तिला त्या नावाने हाक मारणारे तेवढे एकच माणूस होते.

बारशाला येताना तो डबा बरोबर आणावा. माळ्यावर, जुन्या समयांच्या मागे ठेवलेला आहे.

तुमची,
ताई