उचलेगिरी ओळखायला अकरावीपासून शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पीएच.डी.च्या प्रबंधातली उचलेगिरी, म्हणजे दुसऱ्याचे लिखाण स्वतःच्या नावावर खपवणे, उघड झाली की बातमी होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018च्या नियमांतली शिक्षेची उतरंडही आता अनेकांना माहीत आहे : दुसऱ्यांच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंतचे साम्य माफ, 60च्या वर गेले तर नोंदणीच रद्द. पण सवय लागते ती त्याच्या कितीतरी आधी. अकरावी-बारावीचा पर्यावरण आणि जलसुरक्षेचा प्रकल्प घ्या. झेरॉक्सच्या दुकानात तो तयार मिळतो, मोबाइलवर पीडीएफ फिरत असते. नाव आणि हजेरी क्रमांक घातला की वही पूर्ण! अशी वही सही होऊन परत गेली, तर मुलांनी त्यातून काय घ्यायचे?

नुसते ‘कॉपी करू नका’ म्हणून भागत नाही. मी वर्गात फळ्यावर एक वाक्य लिहिते : ‘कारखान्यांचे सांडपाणी प्रक्रिया न करता नदीत सोडल्याने पाण्यातील ऑक्सिजन घटतो व मासे मरतात.’ हे आपल्या शब्दांत लिहा म्हटले की बहुतेक वह्यांत येते : ‘फॅक्टरीचे घाण पाणी तसेच नदीत गेल्याने पाण्यातला प्राणवायू कमी होतो व जलचर दगावतात.’ मुलांना मनापासून वाटते, हे आपले. शब्द बदलले, सांगाडा तोच राहिला आणि मूळ लेखकाचा पत्ताही नाही, हे तिथल्या तिथे दाखवावे लागते. मग फळा पुसायचा, पुस्तक मिटायचे आणि समजले तेवढेच लिहायचे. खाली लेखक, पुस्तक, वर्ष, पान. वेळ लागतो, पण कुणीतरी आपल्या ओढ्यावर पाहिलेला फेस त्यात आणतो. तिथून लेखन त्याचे होऊ लागते.

उचलेगिरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर फार विसंबू नये. केंद्र सरकारच्या ‘शोधशुद्धी’ योजनेतून विद्यापीठांना ते 2019पासून मिळते, ही चांगलीच गोष्ट आहे. पण ते जुळणारा मजकूर दाखवते. इंग्रजी लेखाचा मराठी अनुवाद करून स्वतःच्या नावावर खपवला तर तो बरेचदा निसटतो. उलट अवतरणचिन्हांत, संदर्भासह दिलेला उताराही कधी साम्यात मोजला जातो. निर्णय वाचणाऱ्या शिक्षकानेच करायचा. नाहीतर ‘सर, दहाच्या खाली आणून द्या’ एवढेच विद्यार्थ्यांचे ध्येय उरते.

आयोगाच्या त्याच नियमांत दर सत्रात जागृतीचे कार्यक्रम घ्यावेत, पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात हा विषय सक्तीचा असावा, असेही म्हटले आहे. शिक्षेच्या टक्केवारीइतकी त्याची चर्चा होत नाही, याचे वाईट वाटते.

शिक्षण मंडळाने आणि कनिष्ठ महाविद्यालयांनी निदान एवढे करावे : जाडजूड फायलींऐवजी हाताने लिहिलेली चार पाने मागवावीत, माहिती कुठून घेतली ते प्रत्येक पानाखाली लिहायला लावावे आणि त्यावर प्रत्येक मुलाशी पाच मिनिटे बोलूनच श्रेणी द्यावी. ऐंशी-नव्वद मुलांच्या तुकडीत हे अवघड आहे, हे मला ठाऊक आहे. त्यासाठी वेळापत्रकात तासिका राखून द्याव्यात.

आपली,
एक कनिष्ठ महाविद्यालयीन शिक्षिका, सातारा