पंचनामा : नुकसान निरंक

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

द्राक्षबागांच्या नुकसानीचे पंचनामे होतील असं सांगितलं होतं, म्हणून दिवाळीपासून वाट बघितली. मंगळवारी माणूस आला. बांधावरूनच म्हणाला, "पीक कुठंय?" म्हटलं, नाही, तेच तर नुकसान. "पीकच नाही तर नुकसान कशाचं?" आणि कागदावर लिहिलं, निरंक.

साहेब, द्राक्षाचा घड दिसतो सप्टेंबर-ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर, पण ठरतो एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, कोवळ्या काडीच्या डोळ्यात. तेव्हा त्याला ऊन लागतं. यंदा, 2025 ला, 26 मे रोजीच मान्सून मुंबईत आला आणि त्याआधीचे दोन आठवडे अवकाळीनं आभाळ धरलेलं. ढग ऊन वरच्यावर परत फेकतो, हे शाळेतल्या पोराला कळतं. डोळ्यातले घड जिरले, त्यांच्या बाळ्या झाल्या, म्हणजे घडाऐवजी नुसते वेलाचे ताणे. ऑक्टोबरात एका ओळीतली 52 झाडं मोजली. घड 19. बायको म्हणाली, पुढची ओळ मोजू नका.

विम्यात पाऊस आहे, थंडी आहे, गारा आहेत. ऊन नाही. आणि विमा सुरू होतो तोच फळछाटणीनंतर, म्हणजे चोरी झाल्यावर कुलूप. वर्षभरात औषधं-मजुरीचे पाच लाख गेले असतील, पावत्या मागू नका, निम्म्या भिजल्या.

ऊन मोजता येत नाही म्हणाल, तर तुमच्याच योजनेतला सौरपंप बघा. मे महिन्यात फवारणीची टाकी भरायला दुपारपर्यंत उठत नव्हता. पंप द्यायच्या वेळी सरकारला सूर्य बरोबर दिसतो!

शास्त्रज्ञांनीच सांगितलंय की 1988 ते 2018 मध्ये देशाच्या बहुतेक भागांत उन्हाचे तास घटले. कारण ढग आणि हवेतले धूळ-धुराचे कण. कणांची गर्दी झाली की ढगातलं पाणी बारीक बारीक थेंबांत वाटलं जातं. ते लवकर बरसत नाहीत, ढग रेंगाळतो. धूर कुणाचा? कारखान्यांचा, गाड्यांचा, आणि पाचट पेटवणारे आम्हीही त्यात आलो. पण नोटीस फक्त आम्हाला येते.

मागण्या दोनच : घड जिरणं नुकसानीत धरा, आणि विम्यात एप्रिल ते जूनचं ऊन मोजा. मोजायचं यंत्र महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावर बसवा, जमल्यास झाडाखाली नको.

सोसायटीच्या पीककर्जाचा हप्ता मार्चअखेर आहे. तिथंही निरंक लिहून चालेल का, तेवढं कळवा.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, ता. तासगाव, जि. सांगली