धारवाल्या काकांना, पिकल्या टोमॅटोच्या निमित्तानं

प्रिय धारवाले काका,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या हाताखालून गेलेल्या सुरीला पिकलेला टोमॅटो कापताना जोर लावावा लागत नाही. पातं सालीवर टेकवायचं आणि मागं ओढायचं, बस्स. साल आपसूक दुभंगते, बिया जागच्या जागी राहतात, फळीवर पाणी होत नाही. धार लागलेल्या दिवशी आमच्या पोळी-भाजी केंद्रात टोमॅटो चिरायला सगळ्याच पुढे येतात. एवढ्याशा गोष्टीचा एवढा आनंद होतो आणि तो तुमच्यामुळे होतो, म्हणून हे आभार सगळ्यांसमोर मानतोय.

तुमचं काम चांगलं का, हे नौपाडा-घंटाळीतल्या बाकीच्यांनाही कळावं. चाकावर पातं दाबून धरलं की ठिणग्या भरपूर उडतात, बघणाऱ्याला वाटतं काय जोरात काम चाललंय! पण तेवढ्यात पोलाद तापतं. काठ निळसर पडला की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलं. मग सुरी घरी येते तेव्हा कापते, पण चार दिवसांत पुन्हा होती तशी. तुम्ही पातं हलकं धरता, एका जागी थांबू देत नाही, मध्येमध्ये पाण्यात बुडवता आणि शेवटी हातदगडावर बर काढता. ही बर काढणं सगळ्यात महत्त्वाचं. एक बाजू घासली की धातूची अगदी बारीक कड पलीकडे वळून येते, तीच बर. ती तशीच राहिली तर पहिल्या दिवशी सुरी तिखट वाटते, आणि ती कड मोडली की बोथट. बर आहे का ते बघायला अंगठा पात्याच्या पाठीकडून काठाकडे, बाहेरच्या दिशेनं सरकवायचा. काठावरून लांबीला कधीच फिरवायचा नाही. एका बाजूला खरखर लागली तर तिथं बर आहे.

तुमच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या दिवसांत धार कशी राखायची, तेही तुम्हीच हातचं काही न राखता शिकवलंत. धंद्याचं गुपित म्हणून लपवलं असतंत तरी कुणी नावं ठेवली नसती. कुरुंदाचा दुहेरी दगड घ्यायचा, एक बाजू जाड, एक बारीक. बुडबुडे यायचे थांबेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं पाण्यात ठेवायचा. खाली ओला फडका घालायचा, नाहीतर दगड सरकतो आणि कोन बिघडतो. कोन म्हणजे किती, इथंच सगळ्या अडतात. पातं 4 सेंटिमीटर रुंद असेल तर त्याची पाठ दगडापासून सव्वा सेंटिमीटरभर उचललेली हवी. कोन 18 अंशांच्या आसपास येतो. जास्त उचललं तर काठ गोल होतो, अगदी आडवं धरलं तर पात्याची बाजू घासली जाते आणि धार आहे तिथंच. आठवड्यातून एकदा बारीक बाजूवर दोन्हीकडून आठ-दहा हात मारले तरी पुरतं. घरात दगड नसेल तर चिनी मातीचा कप उपडा करायचा; तळाचं जे चकाकी नसलेलं खरखरीत कडं असतं, त्यावर तोच कोन धरून सुरी ओढली की वेळ भागते.

विळीचं तंत्र निराळं. पातं बाकदार आणि पाटाला धरलेलं, म्हणून तिथं दगडावर पातं नाही, पात्यावर दगड फिरवायचा. त्याआधी बिजागरीचा स्क्रू आवळायचा. डुगडुगणाऱ्या पात्याला कितीही धार लावली तरी भोपळा कापताना ते कलतं आणि बोट मध्ये येतं. खवणीचे दाते तिकोनी कानशीनं, दोन दात्यांमधल्या खाचेत एक-दोन हलके हात देऊन. चाकावर धरले तर दातेच जातात. दातेरी ब्रेडसुरीचंही तेच, ती तुमच्याकडे देऊच नये.

आणि मग काकडी कोचवावी! डाव्या तळहातात सोललेली काकडी, तिला सुरीनं उभे-आडवे बारीक घाव घालत जायचे आणि वरचा थर विळीवर उतरवायचा. धार असेल तर कण वेगवेगळे, दाताखाली करकरीत. खमंग काकडीला दाण्याचं कूट घातल्यावरही सुटसुटीत राहतात. बोथट पात्यानं मीठ पडायच्या आधीच पाणी सुटतं. कोथिंबिरीतही फरक डोळ्यांना दिसतो: चिरडलेली कोथिंबीर फळीवर हिरवा डाग सोडते आणि लवकर काळी पडते, नीट कापलेली तशीच टवटवीत. कांद्याचं कारण तर शास्त्रातच आहे. जपानी संशोधकांनी 2002 साली कांद्यातलं जे विकर शोधून काढलं, ते पेशी फुटल्यावरच कामाला लागतं आणि डोळ्यांना झोंबणारा वायू तयार करतं. धारदार पात्याखाली पेशी कमी फुटतात, तेवढं डोळ्यांतलं पाणी कमी. मोठ्या पातेल्याचा कांदा चिरणारीला याचं मोल विचारा.

धार घालवायचे रस्ते मात्र आपल्याच स्वयंपाकघरात. ग्रॅनाइटच्या ओट्यावर किंवा स्टीलच्या ताटात कापणं, चिरलेली भाजी धारेनंच फळीवरून ओढणं (त्याला पात्याची पाठ असते की!), चमच्यांच्या खणात सुरी टाकणं, सिंकमध्ये भांड्यांखाली ती दडपणं. लोखंडी विळीला कैरी किंवा लिंबाचा रस लागून राहिला की पातं काळं पडतं. ठाण्याच्या पावसाळ्यात तर ओली विळी रात्रभर राहिली की सकाळी तांबेरा. धुतल्याबरोबर पुसायची, आणि खोबरेल तेलाचा एक थेंब बोटानं नव्हे, कापडानं फिरवायचा.

काका, तुमची सायकल गल्लीत उभी राहते तेव्हा वरच्या मजल्यावरून पाती आणेपर्यंत वेळ लागतो, आणि तोवर तुम्ही पुढच्या गल्लीत गेलेले असता. म्हणून शेजारपाजारच्यांना एवढंच सांगणं: आवाज आला की आधी खिडकीतून हाक मारा, थांबायला सांगा, मग पाती कागदात गुंडाळून आणा. कुठली सुरी कशासाठी वापरता तेही सांगा, कारण मासे-मटणाची धार जरा जाड ठेवावी लागते आणि भाजीची बारीक. पैशांची घासाघीस करू नका. घाईत, दाबून लावलेली धार स्वस्त पडत नाही, दर वेळी पात्याचं पोलाद खाते.

गणपतीच्या आधी एक चक्कर नक्की करा. मोदकांचे नारळ खवायचे असतात, तेव्हा या खेपेला खवण्या आधी, विळ्या नंतर. सावलीत स्टूल आणि पाणी ठेवलेलं असेल.

आपल्या,
पोळी-भाजी केंद्रातल्या सगळ्या जणी
नौपाडा, ठाणे