आक्षीच्या किनाऱ्यावरच्या अनोळखी मंडळींचे आभार

कोजागिरीनंतरच्या रविवारी अलिबागजवळ आक्षीला पाहुणे पक्षी बघायला गेलो होतो. नावं कुणाचीच विचारली नाहीत, म्हणून हे असं जाहीर.

पहिले आभार खडपावर शिंपल्या काढणाऱ्या मावशींचे. मी तासभर सँडरलिंगच मोजत बसलो होतो. आर्क्टिकहून येऊन लाटेच्या पुढे-मागे पळणारी ही पाखरं गोड खरी, पण मला हवा होता ऑयस्टरकॅचर. मावशींनी विचारलं, "काळा-पांढरा, लाल चोचीचा ना? तो आमच्यासारखाच शिंपल्यांवर जगतो. पाणी उतरलं की तिकडे येतो." अर्ध्या तासात तीन आले! लांब नारिंगी-लाल चोच, लाल डोळा. माझी पुस्तकं जे सांगत नव्हती ते त्यांनी कोयता न थांबवता सांगितलं.

कुत्र्याला हाक मारून परत बोलावणाऱ्या काकांचेही आभार. थवा उडाला असता.

आणि क्रिकेट अर्धवट टाकून धावलेल्या पाच पोरांचे तर किती मानू! फोटोच्या नादात स्कूटर ओल्या वाळूत रुतली, भरती चढत होती. चूक शंभर टक्के माझी. पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं हे मला ठाऊक होतं. पोरांनी ती अक्षरशः उचलून सुरूच्या बनात ठेवली. पैसे घेतले नाहीत, दुर्बिणीतून कुलाबा किल्ला तेवढा पाहिला.

मावशी, कॅमेरा पुसायला दिलेला तुमचा निळा पंचा माझ्याकडेच राहिलाय. पुढच्या ओहोटीला आणतो.