कवितेतली ‘दाई’

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

महिला दिनाच्या पुरवणीतील स्थलांतरित कवयित्रींवरचा लेख आवडला. वॉर्सन शायर आणि रूपी कौर यांच्याविषयी त्यात विस्ताराने लिहिले आहे. सुजाता भट्ट यांचा मात्र उल्लेखही नाही, याची रुखरुख लागली. १९५६ मध्ये अहमदाबादला जन्मलेल्या, बालपणाची काही वर्षे पुण्यात राहिलेल्या आणि १९६८ मध्ये अमेरिकेला गेलेल्या या कवयित्रीचे नाव निदान मराठी वाचकाला परके असू नये. ‘सर्च फॉर माय टंग’ या त्यांच्या कवितेत इंग्रजी ओळींच्या मधोमध गुजराती ओळी गुजराती लिपीतच येतात. परक्या देशात आपली भाषा तोंडातल्या तोंडात कुजून जाईल, ही धास्ती आणि स्वप्नात त्याच भाषेला पुन्हा फुटणारा कोंब, असे दोन्ही त्या कवितेत आहे. गुजराती न येणाऱ्या वाचकाला त्या ओळींपाशी क्षणभर परके व्हावे लागते आणि कवितेचे खरे बळ मला तिथेच जाणवते.

ही कविता मला माझ्या वर्गात नेते. नागपुरात मी अनेक वर्षे मराठी शिकवले. छत्तीसगडहून मजुरीसाठी आलेल्या कुटुंबातील सातवीच्या एका मुलीने आईवर कविता लिहिली आणि तीत आईला ‘दाई’ म्हटले. छत्तीसगढीत आईला दाईच म्हणतात, हे मला ठाऊक नव्हते. मी लाल शाईने तो शब्द खोडून ‘आई’ लिहिले. तिने वही मुकाट्याने परत घेतली आणि पुन्हा कधी कविता दाखवली नाही. त्याची खंत आजही जात नाही.

आपल्या शहरात अशा मुली थोड्या नाहीत. फाळणीनंतर सिंधमधून आलेली कुटुंबे जरीपटक्यात स्थिरावली, त्यांच्या नाती आज मराठीही सहज बोलतात. गोंडीला तर पाहुणी म्हणणेच चूक, कारण हे शहर वसवले तेच गोंड राजा बख्त बुलंद शाह यांनी.

म्हणून शहरातील साहित्यसंस्थांना माझी कळकळीची विनंती आहे की, निमंत्रितांच्या कविसंमेलनात या भाषांतील कवयित्रींना बोलवावे, कविता आधी त्यांच्या भाषेत आणि मग मराठी अनुवादात वाचू द्यावी, आणि स्मरणिकेत दोन्ही रूपे शेजारी शेजारी छापावीत. सूत्रसंचालनाचा वेळ थोडा आवरला, तरी हे सहज जमेल.

— एक निवृत्त शिक्षिका, नागपूर